अवघड जागेचं दुखणं

पुरुषांच्या जांघेच्या आणि जननेंद्रियाच्या त्वचेविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना

अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. दुखणं शरीराच्या कोणत्या भागात आहे यावर ते कुणाला सांगायचं हे ठरतं, आणि कुणालाच सांगता येत नसेल तर ते अंगावर काढलं जातं. पायात काटा रुतला तर आपल्याकडचा शेतकरी शेजारच्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारून तो काढून घेतो. जांघेत आग होत असेल तर तो घरातही बोलत नाही. सायकलवर बसणं टाळतो, पाय फाकवून चालतो, रात्री खाजवत जागतो आणि सकाळी मेडिकलवर जाऊन आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणतो, ‘एक ट्यूब द्या.’ कशासाठी, ते दुकानदार विचारत नाही आणि हाही सांगत नाही.

ही पुस्तिका त्या माणसासाठी आहे. तिचं सगळं म्हणणं एका वाक्यात मावतं: या जागेच्या त्वचेला औषध सर्वात कमी लागतं आणि सल्ला सर्वात लवकर लागतो, आपण नेमकं उलटं करतो. सल्ला सगळ्यात शेवटी घेतो आणि तोवर हाताला येईल ते सगळं चोळून झालेलं असतं. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात या तक्रारीसाठी येणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत मूळ दुखणं साधं असतं. त्यावर केलेल्या उपचारांनीच ते चिघळलेलं असतं.

वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात हे लिहिण्याला कारण आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा. कारखाने थोडे, शेती हाच मुख्य आधार, त्यातही सोयाबीन, तूर आणि कपाशी. त्वचेला त्रास देणाऱ्या वस्तू इथे शेतात, धुऱ्यावर, जंगलात आणि गोठ्यात असतात. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो आणि दिवसभर घाम मुरलेली चड्डी अंगावरच वाळते. पावसाळ्यात चिखलात उभं राहून निंदण-फवारणी चालते, ओले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट कपडाच पुन्हा अंगावर चढतो. शहरातल्या माणसासाठी लिहिलेली ‘सैल सुती कपडे वापरा’ एवढी सूचना या माणसाला पुरत नाही. त्याच्या दिवसात काय काय त्या त्वचेपर्यंत पोहोचतं, हे बघावं लागतं.

आधी ही त्वचा समजून घेऊ. वृषणाची त्वचा शरीरातल्या सर्वात पातळ त्वचांपैकी एक आहे. तिच्याखाली चरबीचा थर नसतो, कारण आतल्या वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड राहायचं असतं. ती सुरकुतलेली, घड्यांची, नेहमी झाकलेली आणि दोन मांड्यांमध्ये दाबलेली असते. म्हणून तिच्यावर पडलेली वस्तू तिथेच साचते आणि आत मुरते. किती मुरते, हे मोजलं गेलं आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या फेल्डमन आणि मायबाख या त्वचाशास्त्रज्ञांनी 1967 साली शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड लावून पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंतच्या त्वचेतून जेवढं शरीरात गेलं, त्याच्या 42 पट वृषणाच्या त्वचेतून गेलं. 1971 साली मायबाख आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग कीटकनाशकांवर केला. हातावर लावलेल्या पॅराथिऑनपैकी सुमारे 9 टक्के शरीरात शिरलं. वृषणावर लावलेलं जवळजवळ सगळं.

हे आकडे प्रयोगशाळेतले असले तरी त्यांचा अर्थ सोयाबीनच्या शेतात कळतो. पाठीवर सोळा लिटरचा पंप, एका हातात दांडा, दुसऱ्या हातात नोझल. पंपाचं झाकण सैल असेल किंवा वॉशर झिजलेला असेल तर द्रावण पाठीवरून कमरेला आणि कमरेवरून चड्डीत ओघळतं. फवारणारा पुढे चालतो तो स्वतःच फवारलेल्या ओल्या पिकातून, त्यामुळे मांड्यांपर्यंतची पँट भिजते. नोझल तुंबलं की तो बोटांनी साफ करतो आणि त्याच हातांनी धुऱ्यावर लघवीला बसतो. संध्याकाळी घरी येऊन तीच पँट अंगावर ठेवून चहा घेतो. दोन दिवसांनी जांघ लाल होते, आग होते, साल निघते. 2017च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा तोंडाला मास्क बांधण्याची चर्चा खूप झाली. विष नाकातोंडातून जातं तसं त्वचेतूनही जातं, आणि ज्या त्वचेतून ते सगळ्यात सहज जातं तिच्याविषयी फारसं कुणी बोललं नाही. फवारणीनंतर जांघेत झालेली आग हा कातडीचा त्रास आहेच, शिवाय औषध अंगात मुरत असल्याची ती सूचना असू शकते. तिच्यासोबत चक्कर, मळमळ, खूप घाम, तोंडाला पाणी सुटणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल तर कपडे उतरवून, साबणाने अंघोळ घालून, औषधाच्या डब्यासह ताबडतोब दवाखाना गाठावा.

दुसरी वस्तू जंगलातली: बिब्बा. मालेगाव आणि मानोऱ्याकडच्या लोकांना त्याची ओळख करून द्यायला नको. फळाच्या टरफलात काळा, चिकट रस आणि आत गोडंबी. विदर्भात बिबे फोडून गोडंबी काढण्याचं काम बहुतेक बायका करतात आणि त्यांच्या बोटांवर त्याचे काळे डाग कायमचे बसलेले असतात. हा रस अंगाला लागला की बिब्बा ‘उततो’. आधी लाली, मग खाज, मग पाण्याने भरलेले फोड, शेवटी काळा डाग. आंबा आणि काजू बिब्ब्याच्याच कुळातले. उत्तर अमेरिकेत ज्या विषारी वेलीने दरवर्षी असंख्य लोकांची कातडी उठते, ती पॉयझन आयव्हीही याच कुळातली. सगळ्यांच्या रसात एकाच जातीची रसायनं असतात आणि माणसाचं शरीर त्यांना शत्रू समजतं. काही लोकांना पहिल्या संपर्कात काहीच होत नाही, पण त्या वेळी शरीराने ओळख पक्की केलेली असते. पुढच्या वेळी एक ते तीन दिवसांत त्वचा पेटते.

बिब्बा कपड्यातूनही उततो, हे जगाला कळलं ते भारतातूनच. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर गोल, खाजरे चट्टे उठू लागले. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या लष्करी डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा दिसलं, की धोब्याने कपडे ओळखू यावेत म्हणून बिब्ब्याच्या रसाने खुणा केल्या होत्या आणि त्या खुणा अंगाला जिथे टेकत होत्या तिथेच चट्टे होते. 1943 साली त्यांनी हे अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. त्यातून घेण्याजोगा धडा असा: चट्टा जिथे उठतो तिथला आकार आणि जागा नीट पाहिली तर कारण सापडतं. चड्डीच्या इलास्टिकच्या रेषेत लाली असेल तर रबराकडे बघावं. करदोड्याच्या खाली पट्टा उठला असेल तर त्याच्या रंगाकडे आणि घट्टपणाकडे. जिथे फक्त मलम लागलं तेवढीच जागा पेटली असेल तर त्या मलमाकडे.

आणि जांघेत काहीच टेकलेलं नसताना तिथेच आग असेल, तर हाताकडे. या पुस्तिकेतला सर्वात उपयोगी सल्ला इथे आहे. लघवी झाल्यावर हात धुवावेत हे आपण शाळेत शिकलो. शेतात काम करणाऱ्या माणसाने लघवीला बसण्याआधी हात धुतले पाहिजेत. हाताच्या तळव्याची कातडी जाड असते, तिला बिब्बा, कीटकनाशक, मिरची, सिमेंट किंवा गाजरगवताचा चीक लागला तरी लगेच काही जाणवत नाही. तेच हात नाजूक त्वचेला लागले की तिथे काही तासांत किंवा दिवसांत भडका उडतो आणि माणूस बिचकतो, की तिथे तर मी काहीच लावलं नव्हतं. मिरची खुडून आलेल्या माणसाला ही गोष्ट अनुभवाने माहीत असते, कारण मिरची ताबडतोब झोंबते. बिब्बा आणि गाजरगवत उशिरा बोलतात, म्हणून त्यांच्यावर संशय जात नाही.

गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, 1955च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. वाशिमच्या पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा आणि शेताचे धुरे आज त्याने भरलेले आहेत. त्याची ॲलर्जी बहुधा चेहरा, मान आणि हाताच्या लवणीत दिसते आणि ती पुरुषांमध्ये जास्त आढळते. पण धूळ कपड्यात शिरते, कमरेच्या घडीत साचते, आणि ज्याला ही ॲलर्जी आहे त्याच्या जांघेतही ती उठते. अशा माणसाने गवत उपटायला जाणं, तेही उघड्या अंगाने, हे दरवर्षी आजार विकत घेण्यासारखं आहे.

आता त्या पहिल्या दुकानाकडे परत जाऊ. बाह्यरुग्ण विभागात एक तिशीतला माणूस येतो. ‘साहेब, तेथी लयच आग होते जी, सांगाले लाज वाटते,’ असं म्हणत तो खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर रिकामी करतो. पाच ट्यूबा. एक शेवटपर्यंत पिळून सपाट झालेली, बाकीच्या अर्ध्या-मुर्ध्या. पाचपैकी चारांवर एकाच प्रकारची नावं: एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक आणि एक जहाल स्टिरॉइड, तिन्ही एकाच मलमात. पहिल्या दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टिरॉइड सूज दाबतं. ट्यूब बंद केली की खाज दुप्पट होऊन येते, म्हणून माणूस पुन्हा ट्यूब आणतो. महिन्याभरात त्वचा कागदासारखी पातळ होते, मांडीच्या आतल्या बाजूला गर्भारपणात पोटावर पडतात तशा रेषा पडतात आणि त्या कधीच जात नाहीत. वृषणाची त्वचा कायमची लाल होते, कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. जो भाग हातापेक्षा 42 पट औषध शोषतो, त्यावर इतकं जहाल मलम लावल्यावर दुसरं काय होणार?

हे एकट्या वाशिमचं दुखणं नाही. गेल्या काही वर्षांत भारतभर बुरशीने होणारं गजकर्ण हट्टी झालं आहे. औषधांना दाद न देणारी बुरशीची एक जात इथून सगळीकडे पसरली. 2020 साली जपानी संशोधकांनी तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं भारताच्या नावावरून नाव दिलं आणि 2023 साली न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. मिश्र मलमांचा बेसुमार वापर हे या हट्टीपणामागचं एक मोठं कारण मानलं जातं. 2018 साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला आणि त्याच वर्षी 328 मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यांत अशी काही मलमंही होती. नियम आहे. तो पाळायचा की नाही हे काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या माणसांवर आहे.

घरगुती उपायांनीही कमी नुकसान होत नाही. जंतुनाशक द्रव पाण्यात न मिसळता थेट लावणं, लिंबू पिळणं, लसूण वाटून बांधणं, रॉकेल लावणं, नायट्याचं साल काढणारं औषध जांघेत चोळणं, दिवसातून तीन-तीनदा साबणाने घासणं. हे सगळं ‘जंतू मारायला’ केलं जातं. पण त्वचेचा सामू (पीएच) 5च्या आसपास असतो, साध्या साबणाचा 9 ते 10. घासून घासून त्वचेचं संरक्षक आवरण निघून जातं आणि मग घामही झोंबतो. काही मलमांतलं निओमायसिन हे प्रतिजैविकच ॲलर्जी देतं. केस काढण्याचं क्रीम, कपड्यात राहिलेली धुण्याची पावडर, कंडोमचं रबर, सुगंधी टाल्क यांचंही तसंच.

मग गजकर्ण कोणतं आणि संपर्काने उठलेली त्वचा कोणती, हे कसं ओळखायचं? पक्कं निदान डॉक्टरच करतील, पण ढोबळ खुणा माहीत असाव्यात. गजकर्ण बहुधा मांडीच्या आतल्या बाजूला असतं, त्याची कड उठलेली आणि मध्यभाग थोडा निवलेला असतो, आणि ते वृषणाला सहसा शिवत नाही. वृषणाची त्वचाच लाल, सुजलेली, ओलसर झाली असेल तर काहीतरी लागल्याची किंवा लावल्याची शंका आधी घ्यावी. खाज रात्री वाढत असेल, घरात इतरांनाही असेल, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या आणि जननेंद्रियावर गाठी असतील तर खरूज. तिचा उपचार सगळ्या घराने एकाच दिवशी करायचा असतो. शिश्नाच्या टोकाला लाली, पांढरा थर आणि कातडीला भेगा वारंवार येत असतील तर रक्तातली साखर तपासावी. काही जणांत मधुमेहाची पहिली खूण हीच असते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, त्यांच्यामुळेही असा त्रास होतो. तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावं.

एक खूण विशेष सांगण्यासारखी आहे, कारण तिने कित्येक संसारांत विष कालवलं आहे. अंगदुखीची किंवा जुलाबाची गोळी घेतल्यावर काही लोकांना शिश्नावर एकच गोल, जांभळट डाग येतो, कधी त्याची जखमही होते. ती गोळी पुन्हा घेतली की डाग पुन्हा त्याच जागी येतो. ही औषधाची ॲलर्जी आहे. माणसाला मात्र वाटतं आपल्याला गुप्तरोग झाला; बायकोला वाटतं नवरा बाहेर जातो. बसस्टँडच्या भिंतींवरच्या जाहिराती या भीतीवरच चालतात. खरा लैंगिक आजार असेल तर तोही लपवण्याची गोष्ट नाही. जिल्हा रुग्णालयांत शासनाची सुरक्षा क्लिनिकं आहेत, तपासणी आणि औषध मोफत मिळतं, नाव गुप्त राहतं, आणि 1097 या क्रमांकावर माहिती मिळते.

बरी न होणारी जखम मात्र कधीही अंगावर काढू नये. 1775 साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने धुरांडी साफ करणाऱ्यांच्या वृषणाच्या त्वचेवर होणारा कर्करोग काजळीमुळे होतो हे दाखवलं. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली नोंद मानली जाते. 1945 साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या वसंत रामजी खानोलकरांनी धोतर वर्षानुवर्षं कमरेला घट्ट कसल्याने त्या जागी होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन केलं. असे रुग्ण थोडे असतात. पण दीड महिन्यात न भरणारी जखम किंवा सतत राहणारा लाल चट्टा दिसला तर तुकडा काढून तपासायलाच हवा. आणि मधुमेही माणसाला त्या जागी अचानक सूज, खूप वेदना, ताप आणि काळसर रंग दिसला तर ती तासांची लढाई असते.

पुस्तिकेची रचना सोपी ठेवली आहे. पहिल्या भागात त्वचा आणि तिच्या खुणा, दुसऱ्यात हंगामानुसार शेतातली कामं आणि त्यांतले धोके, तिसऱ्यात घरी काय करावं आणि काय करू नये, चौथ्यात दवाखान्यात कधी आणि काय घेऊन जावं. घरी करायचं थोडकंच आहे. लावलेलं सगळं बंद करा. साध्या गार पाण्याची पट्टी दिवसातून तीन-चारदा ठेवा. नंतर कोरडं करून, त्वचा ओलसर किंवा फुटलेली नसेल तर, साधी पेट्रोलियम जेली लावा. चड्डी सुती आणि सैल, पावडर निघेपर्यंत खळबळलेली, आणि उन्हात वाळवलेली. टॉवेल स्वतंत्र. आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टर. जाताना आधी वापरलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, त्यांतच अर्धं निदान असतं. ॲलर्जी नेमकी कशाची हे शोधायला पाठीवर पट्ट्या चिकटवून केली जाणारी पॅच टेस्ट असते. ती 48 आणि 96 तासांनी पाहतात, म्हणून फेऱ्या घालाव्या लागतात. त्वचारोग विभागासाठी वाशिमकरांनी वर्षानुवर्षं अकोल्याची वाट धरली. 2024 साली वाशिममध्येच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, तेव्हा हा प्रवास पुढे कमी व्हावा.

ही पुस्तिका पुरुषांसाठी असली तरी ती आशाताई, आरोग्यसेविका, मेडिकल दुकानदार आणि शाळेतल्या शिक्षकांच्या हातीही पडावी. आशाताईंना पुरुषांशी हे बोलणं कठीण जातं, म्हणून गावातल्या आरोग्यसेवकाने आणि जुन्याजाणत्या माणसांनी पुढे यावं. दुकानदारांना एवढंच सांगणं आहे, की जांघेसाठी ट्यूब मागणाऱ्याला स्टिरॉइडचं मिश्र मलम देऊ नका. त्या दिवशी एक विक्री कमी होईल, पण एका माणसाची कातडी वाचेल. आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं, त्या वाचकाला: तुमच्या शेजारी बसलेल्या दहा माणसांपैकी कितीतरी जणांनी हे कधी ना कधी सोसलेलं आहे. दवाखान्यात जा, दार लावून घ्या आणि डॉक्टरांना सरळ सांगा, ‘जांघेत खाज आहे.’ बाकीचं त्यांचं काम आहे.